बिऱ्हाड

"आजपासून अळंब्या वनस्पती नाहीत,"
हेल्व्ही पिहलाक म्हणाली, मफलर सोडता सोडता,
जणू आज दुकानात पाव आला नाही
एवढंच सांगायचं होतं.

तार्तू. संग्रहालयाचा तिसरा मजला. फेब्रुवारी.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ.
नेच्यांच्या आणि शेवाळाच्या मधोमध
चौदा कपाटं, त्यांत नऊ हजार पाकिटं,
प्रत्येकात वाळलेलं काहीतरी –
टोपी, देठ, म्हाताऱ्या कानाची पाळी वाटावी अशी साल,
आणि कुणाच्या तरी हातची फिकी शाई :
ओकखाली, ओल्या जागी, सप्टेंबर.

किती वर्षं तिथंच नांदल्या त्या.
हलत नाहीत ना, मग झाडंच.
पान नाही, फूल नाही, हिरवा ठिपकाही नाही,
उन्हाकडे पाठ करून बसायचं,
दुसऱ्याच्या मुळाशी, दुसऱ्याच्या मेलेल्या खोडावर
गुपचूप जेवायचं –
तरी कुणी हटकलं नाही.

वाहून नेायचं काम माझं आणि रखवालदार एन्देलचं.
खोके छातीशी धरून, जिन्यानं, एक मजला खाली,
जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या असायच्या.
दुसऱ्याच फेरीत एक पाकीट उसवलं.
एका गोळा अळंबीनं चाळीस वर्षं आवरून धरलेला श्वास
सोडला एकदाचा : खाकी धूळ,
एन्देलच्या मिशीवर, कठड्यावर, माझ्या पापण्यांवर.
तो शिंकला. तीन वेळा.

आमच्या भाषेत सृष्टी म्हणत नाहीत, राज्य म्हणतात.
प्राण्यांचं राज्य, झाडांचं राज्य;
आणि पासपोर्टवर शिक्का मारतं
त्यालाही तोच शब्द.

म्हणून पायरीवर टेकत एन्देल म्हणाला,
"माझी आई झारच्या राज्यात जन्मली,
प्रजासत्ताकात लग्न केलं,
जर्मनांच्या राज्यात विधवा झाली,
आणि आता या राज्यात पेन्शन घेते.
विहीर तीच. गाय तेवढी बदलली."

हेल्व्हीनं आधी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
"अळंब्यांच्या बाबतीत आपण चुकलो होतो, एन्देल."
पुढे काही बोलली नाही.
खोका उचलायला स्वतःच वाकली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर
चौदा रिकाम्या कपाटांच्या समोर
एक काचेची बशी उरली.
कुजक्या ओंडक्यावरून तिनं आणलेला पिवळा चिखल,
रात्रीत अंगठाभर सरकणारा,
ओटच्या दाण्याभोवती पसरून त्याला गिळणारा.
सरकतो म्हणावं तर प्राणी, बीजाणू धरतो म्हणावं तर अळंबी.
दोन्ही खात्यांच्या यादीत तो होता
आणि दोन्ही खाती म्हणायची, तुमच्याकडे ठेवा.

तिनं चिठ्ठी लिहिली. नाव शाईनं,
गाव, तारीख शाईनं,
आणि राज्य – पेन्सिलनं.
बशी आपल्या टेबलावर ठेवली,
ओल्या कागदाखाली, दिव्यापासून दूर.

एन्देलनं त्या रात्री अळंबीचं सूप घेतलं नाही, म्हणे.
त्याला कुणी तरी सांगितलं होतं
की आता त्या झाडांपेक्षा आपल्याच जवळच्या निघाल्यात.
दुसऱ्या दिवशी मात्र घेतलं, दोन वाट्या, आंबट साय घालून.
नातेवाईकांचं एवढं कोण मनावर घेतं.

हेल्व्ही गेली त्याला बरीच वर्षं झाली.
राज्य पुन्हा बदललं, दोन्ही अर्थांनी.
परवा तिची चिठ्ठी सापडली मला :
शाई अजून ठसठशीत,
आणि शेवटच्या ओळीत कागद
खोडून खोडून इतका पातळ
की उजेडाकडे धरला
तर पलीकडची माझी बोटं दिसतात.

पेन्सिल शोधतोय. इथेच कुठेतरी होती.